ट्रेकसाठी वॉकीटॉकी : कायद्याने काय ऐकता येते आणि काय बोलता येते

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याजवळच्या एका हौशी गिरिभ्रमण मंडळाकडे तीन प्रकारची यंत्रे जमली आहेत आणि चौथे येऊ घातले आहे. इंटरनेटवरून घेतलेले दोन बाओफेंग यूव्ही-५आर वॉकीटॉकी संच, अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणून दिलेली एफआरएस वॉकीटॉकीची जोडी, एका सदस्याच्या घरच्या मालवणकडील बोटीवरचा मरीन व्हीएचएफ हँडसेट, आणि त्याच नातेवाइकांनी पुढच्या खेपेला आणायचे कबूल केलेले, उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे गार्मिन इनरीच. यांपैकी कशावर काय ऐकणे कायदेशीर आहे, कशावर बोलणे कायदेशीर आहे आणि पुढच्या मोसमासाठी नवे संच घ्यायचे झाल्यास कोणते घ्यावेत, असे मंडळाने विचारले आहे. मी बऱ्याच वर्षांपासून हौशी रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून करायच्या बिनतारी संभाषणाचा (यालाच हॅम म्हणतात), परवानाधारक आहे आणि कारखाने व हॉटेले यांना बिनतारी यंत्रणा बसवून देणे हा माझा व्यवसाय आहे. हा प्रश्न मला दर मोसमात कोणी ना कोणी विचारते, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

गोंधळाचे मूळ यूव्ही-५आरसारख्या संचाच्या कीपॅडवर आहे. त्यावर १४५.००० मेगाहर्ट्झ टाकले तरी तो स्वीकारतो, १५६.८०० टाकले तरी स्वीकारतो आणि ४६२.५६२५ टाकले तरी स्वीकारतो. पीटीटीचे, म्हणजे बोलण्यासाठीचे, बटण दाबले की तिन्ही ठिकाणी लाल दिवा लागतो आणि आवाज बाहेर जातो. संच कोणाला काही विचारत नाही, त्यामुळे ‘चालते म्हणजे चालत असेल’ अशी समजूत होते. कायदा मात्र संचाची ताकद पाहत नाही. तो तीन वेगवेगळ्या गोष्टी विचारतो. हे यंत्र भारतात वापरासाठी मंजूर झालेले आहे का, ही वारंवारता, म्हणजे फ्रिक्वेन्सी, कोणत्या सेवेसाठी राखलेली आहे, आणि बटण दाबणाऱ्या व्यक्तीकडे किंवा संस्थेकडे त्या सेवेचा परवाना किंवा सूट आहे का. या तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तरच बोलावे. बहुतेक लोक यांतली एकच गोष्ट तपासतात आणि उरलेल्या दोन त्यात आल्याच असे धरून चालतात.

आपल्याकडची चौकट १८८५ चा भारतीय तार अधिनियम आणि १९३३ चा भारतीय बिनतारी तारयंत्र अधिनियम यांवर उभी राहिली. १९३३ च्या कायद्याचा विशेष असा की त्याने बिनतारी यंत्र वापरणे तर सोडाच, विनापरवाना जवळ बाळगणेच गुन्हा ठरवले आणि प्रक्षेपक, म्हणजे ट्रान्समीटर, बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. आता दूरसंचार अधिनियम २०२३ आला आहे. त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत आणि जुन्या कायद्यांखाली केलेले नियम नवे येईपर्यंत चालू राहतात. कोणता पट्टा कोणत्या सेवेला हे राष्ट्रीय वारंवारता वाटप आराखड्यात, म्हणजे एनएफएपीमध्ये, दिलेले असते. परवाने, वारंवारता आणि यंत्रांची मंजुरी हे सारे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडे जाते आणि अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर करायचे असतात.

आधी ऐकण्याबद्दल लिहितो, कारण ‘नुसते ऐकायला काय हरकत आहे?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखे वाटते. २०२३ च्या अधिनियमात दूरसंचाराच्या व्याख्येत संदेशाचे प्रक्षेपण, उत्सर्जन आणि ग्रहण हे तिन्ही शब्द आहेत. म्हणजे ग्रहण ही कायद्याच्या बाहेरची गोष्ट नाही. ही काही नवी कठोरता नव्हे. जुन्या पिढीतल्या वाचकांना घरच्या रेडिओचे लायसन्स दर वर्षी पोस्टात जाऊन भरल्याचे आठवत असेल. ती पद्धत १९८० च्या दशकात गेली. हौशी रेडिओच्या १९७८ च्या नियमांत तर केवळ लघुलहरींवरचे हौशी संभाषण ऐकणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र परवाना होता, तोही पुढे रद्द झाला. आज आकाशवाणी, खासगी एफएम आणि परदेशी लघुलहरी केंद्रे ऐकायला कोणतीही परवानगी लागत नाही, कारण ती प्रसारणे सर्वांसाठीच असतात. यूव्ही-५आरमध्ये एफएम रेडिओ असतो. त्यावर सकाळच्या बातम्या ऐकण्याबद्दल कोणाची तक्रार असणार नाही, अर्थात तो संच जवळ असणे हाच वेगळा मुद्दा आहे, त्याकडे नंतर येतो.

जे प्रसारण सर्वांसाठी नसते तिथे नियम उलटा होतो. पोलिसांचे बिनतारी जाळे, अग्निशमन दल, रेल्वे, विमान आणि नियंत्रण कक्ष यांच्यातले संभाषण, बंदरातले कामकाज, एखाद्या कारखान्याच्या सुरक्षारक्षकांचे बोलणे, ही सारी ठरावीक व्यक्तींमधली संभाषणे आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीचे १७ वे कलम असे संदेश अनधिकृतपणे पकडण्यावर आणि त्यांतला मजकूर उघड करण्यावर बंदी घालायला सदस्य देशांना सांगते. आपल्या २०२३ च्या अधिनियमाचे ४२ वे कलम बेकायदा रीतीने संदेश पकडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगते. मुंबई विमानतळाजवळ राहणाऱ्या विमानप्रेमी तरुणांना हे कडक वाटते, कारण अमेरिकेत हवाई पट्टा ऐकणे हा उघड छंद आहे. तिथला कायदा ऐकण्याबाबत बराच सैल आहे, आपला नाही. परदेशी व्हिडिओ पाहून इथले नियम ठरवू नयेत, एवढेच सांगेन. त्यातून शिखरावर उभे राहून पोलिसांचे बोलणे ऐकू आले म्हणून त्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकणे म्हणजे ऐकणे आणि उघड करणे हे दोन्ही एकाच वेळी केल्यासारखे आहे. असे व्हिडिओ मी पाहिले आहेत आणि ते टाकणाऱ्यांना आपण स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच तयार केला याची कल्पना नसते.

ऐकण्यातला एक आनंद मात्र तुमच्या मंडळातल्या मुलांनी जाणून घ्यावा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचे हौशी रेडिओ केंद्र १४५.८०० मेगाहर्ट्झवर खाली बोलते. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला स्थानकावर असताना भारतातल्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरूनच बोलले. हौशी रेडिओवरचे बोलणे नियमानेच साध्या भाषेत, कोणतेही सांकेतिक कुलूप न लावता करायचे असते. ते ऐकण्याची इच्छा असेल तर परवानाधारक हॅमच्या केंद्रावर बसून ऐका. त्यात शिकणेही होते आणि कोणाच्या संचाबद्दल प्रश्नही उरत नाही.

आता तुमच्या यूव्ही-५आरकडे येऊ. संच उलटा करा, बॅटरी काढा आणि आतला कागदी लेबल वाचा. त्यावर एफसीसीचा क्रमांक असेल, सीईची खूण असेल. पहिली मंजुरी अमेरिकेची आहे, दुसरी युरोपची. भारतात लागते ती डब्ल्यूपीसीची यंत्र-प्रकार मंजुरी, जिला सर्वजण ईटीए म्हणतात, आणि अनेक ऑनलाइन विक्रेत्यांनी ती न घेताच हे संच विकले. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीच्या अशा विक्रीबद्दल ई-कॉमर्स मंचांना नोटिसा दिल्या आणि त्यानंतर रेडिओ यंत्रांच्या बेकायदा विक्रीबाबत मार्गदर्शक तत्त्वेही काढली. विक्रीच्या पानावर वारंवारतेचा पट्टा, परवान्याची गरज आणि ईटीए यांचा उल्लेख नसणे हाच आक्षेपाचा गाभा होता. तेव्हा ‘मोठ्या साइटवर मिळत होता, बिलही आहे’ हा बचाव पुरत नाही.

मंजुरी बाजूला ठेवली तरी हा संच १३६ ते १७४ आणि ४०० च्या पुढच्या यूएचएफ पट्ट्यात कुठेही प्रक्षेपण करतो, आणि तीच त्याची कायदेशीर अडचण आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीनेही याच संचाच्या एका आयातदाराला, मंजूर पट्ट्यांच्या बाहेर प्रक्षेपण होते म्हणून, ठपका ठेवणारी नोटीस दिली होती. तांत्रिक बाजूही पाहण्याजोगी आहे. कोणत्या वारंवारतेवर किती शक्ती जाते ते पडद्यावर दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरला, शक्ती दाबणारा अटेन्युएटर लावून, असा एखादा स्वस्त संच १४५ मेगाहर्ट्झवर सोडला, की पडद्यावर १४५ चा सुळका तर दिसतोच, पण २९० ला आणि ४३५ ला त्याची पिल्लेही उभी राहिलेली दिसतात. चांगल्या संचात ती इतकी दबलेली असतात की शोधावी लागतात. स्वस्त संचांत नगानगाला फरक पडतो, एक बरा निघतो आणि दुसरा त्याच खोक्यातला वाईट. म्हणजे तुम्ही ज्या वारंवारतेवर बोलत आहात असे तुम्हाला वाटते, तेवढ्यावरच बोलत असाल याची खात्री नाही.

विनापरवाना माणसाला या संचावरून बोलता येईल अशी जागा कोणती, असे विचाराल तर उत्तर ‘कोणतीही नाही’ असे आहे. ‘४४६ वर लावून वापरतो, तो पट्टा तर मुक्त आहे’ असे काहीजण सांगतात. सूट त्या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या, त्याच पट्ट्यापुरत्या बनवलेल्या यंत्राला आहे. चार-पाच वॅटचा, अँटेना बदलता येणारा आणि इतर पट्ट्यांत मोकाट फिरणारा संच ४४६ वर आणून ठेवल्याने त्या सुटीत बसत नाही. तुमच्यापैकी कोणी हौशी रेडिओचा परवाना काढला तर असा संच हौशी पट्ट्यांपुरता उपयोगी पडू शकतो. तोपर्यंत तो ट्रेकला नेऊ नका आणि ‘फक्त ऐकायला’ म्हणूनही बॅगेत ठेवू नका, कारण झडती घेणाऱ्या पोलिसाच्या दृष्टीने प्रक्षेपक हा प्रक्षेपकच असतो, तो तुम्ही कशासाठी आणला हे त्याच्या पाठीवर लिहिलेले नसते.

अमेरिकेहून आलेल्या जोडीबद्दल. एफआरएस ही तिथली कुटुंबासाठीची विनापरवाना सेवा आहे, ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर बावीस चॅनेल, काहींवर दोन वॅटपर्यंत आणि आठ ते चौदा या चॅनेलवर अर्धा वॅट. तिच्याच शेजारी जीएमआरएस ही अधिक शक्तीची सेवा आहे, तिला तिथेही परवाना लागतो. खोक्यावर ‘परवाना लागत नाही’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते आणि ते अमेरिकेपुरते खरेही असते. भारतात या वारंवारता विनापरवाना वापरासाठी सोडलेल्या नाहीत. त्या परवानाधारक वापरकर्त्यांच्या यूएचएफ पट्ट्यात पडतात. त्यामुळे हे संच इथे ना बोलायला कायदेशीर ना बाळगायला. पुढच्या सुट्टीत नातेवाईक येतील तेव्हा ते परत देऊन टाकणे सर्वांत सोपे. शिकागोला आणि न्यू जर्सीला राहणारी आपली मंडळी हौसेने मुलांसाठी ही खेळणी आणतात, त्यांना आधीच सांगून ठेवावे.

सिटिझन बँडची, म्हणजे २७ मेगाहर्ट्झची, गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तुम्ही विचारली नसली तरी सांगतो, कारण तिथे भारतात खरोखर सूट आहे. २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा पाच वॅटपर्यंत, संचातच बसवलेल्या अँटेनासह, परवान्यातून मुक्त केला. अमेरिकन सीबी संचात चाळीस चॅनेल असतात आणि ती २७.४०५ पर्यंत जातात. सत्ताविसावे चॅनेल २७.२७५ वर आहे, ते आपल्या हद्दीत येते. अठ्ठाविसावे २७.२८५ वर आहे, ते दोन किलोहर्ट्झने बाहेर पडते आणि तिथून पुढची सगळी बाहेर. डोंगरात मात्र या पट्ट्याचा फारसा उपयोग नाही. तरंगलांबी अकरा मीटर, म्हणजे धड काम करणारी पाव तरंगाची अँटेना पावणेतीन मीटरची. हातात मावणाऱ्या अँटेनात शक्तीचा मोठा भाग वाया जातो. त्यातून सौर डागांच्या जोराच्या काळात दूरदेशचे आवाज या पट्ट्यात येऊन बसतात, मग शेजारच्या टेकडीवरचा मित्र ऐकू येत नाही आणि कुठला तरी परका माणूस स्पष्ट ऐकू येतो.

तुमच्या कामाचा पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा आहे. कमी शक्तीच्या अल्पपल्ल्याच्या यंत्रांना परवान्यातून सूट देणारे नियम २०१८ मध्ये आले, त्यांत हा पट्टा आहे. युरोपातल्या पीएमआर४४६ या मानकाचे संच याच पट्ट्यात चालतात. साडेबारा किलोहर्ट्झ अंतराने सोळा चॅनेल, पहिले ४४६.००६२५ वर, अर्धा वॅट शक्ती आणि न निघणारी अँटेना. घेताना दोन गोष्टी पाहा. संच फक्त याच पट्ट्यात चालणारा असावा, आणि विक्रेत्याने त्या मॉडेलचा ईटीए क्रमांक द्यावा. ‘घ्या, काही लागत नाही’ असे तोंडी सांगणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नका. सूट परवान्यातून आहे, यंत्राच्या मंजुरीतून नाही.

अर्धा वॅट ऐकून ट्रेकवाले नाराज होतात, पण सह्याद्रीत शक्तीपेक्षा नजर महत्त्वाची. समोरासमोर दिसणाऱ्या दोन माथ्यांमध्ये एवढी शक्ती कित्येक किलोमीटर पुरते आणि मध्ये एक सोंड आली की पाच वॅटचा संचही हात टेकतो. राजगडावर सुवेळा माची आणि संजीवनी माची यांच्यामध्ये बालेकिल्ल्याचा खडक उभा आहे. दोन्ही माच्यांवरचे गट एकमेकांना ऐकू येईनात म्हणून लोक जास्त वॅटच्या मागे लागतात. त्याऐवजी एक माणूस बालेकिल्ल्यावर बसवा आणि त्याला निरोप पुढे सरकवायला सांगा. कायद्याच्या आत राहून मिळणारा हा सर्वांत स्वस्त रिपीटर आहे. खाली दाट झाडीत उतरताना संच छातीशी न धरता हात वर करून बोला, फरक लगेच कळतो.

या संचांवर ‘प्रायव्हसी कोड’ नावाचा प्रकार असतो, त्याबद्दल गैरसमज फार आहे. ती ६७.० हर्ट्झपासून सुरू होणारी, कानाला न जाणवणारी खालच्या पट्टीतली गुणगुण असते. आवाजासोबत ती जाते आणि समोरचा संच ती ओळखली तरच स्पीकर उघडतो. तुमचा कोड न लावलेला कोणताही संच तुमचे सगळे बोलणे ऐकतो. कोड लावला म्हणजे चॅनेल तुमचे झाले असेही नाही. त्याच चॅनेलवर दुसरा गट असेल तर दोघांची टक्कर होतेच, उलट स्पीकर बंद असल्याने तो आधीच बोलत आहे हे तुम्हाला कळत नाही. म्हणून बोलण्यापूर्वी मॉनिटरचे बटण दाबून चॅनेल मोकळे आहे का ते ऐका. सूट असलेल्या पट्ट्यात कोणालाच संरक्षण नसते, कोणी अडथळा आणला तर तक्रार करायला जागा नाही, आणि गडावर कोणता सदस्य दमला, कोणाची पाकिटे कुठे ठेवली, अशी माहिती त्यावर बोलू नये.

मालवणच्या बोटीवरचा हँडसेट बोटीचाच राहू द्या. मरीन व्हीएचएफ ही नौकांची सेवा आहे, परवाना नौकेच्या केंद्राला मिळतो आणि हातातला संच त्या केंद्राचा भाग असतो. १५६.८ मेगाहर्ट्झ, म्हणजे सोळावे चॅनेल, हे संकटाचे आणि हाक मारण्याचे चॅनेल आहे. तिथे हाक मारायची, समोरच्याने ओ दिली की लगेच कामाच्या चॅनेलवर जायचे आणि एरवी त्यावर कान ठेवायचा, हा तिथला शिरस्ता आहे. सत्तरावे चॅनेल, १५६.५२५, हे डिजिटल संकटसंदेशासाठी राखलेले आहे, त्यावर आवाजाने बोलायचेच नसते. डोंगरावरून या पट्ट्यात बोललेला शब्द खाली समुद्रावर फार दूर जातो. हरिश्चंद्रगडासारख्या उंचीवरून कोणी सोळाव्या चॅनेलवर ‘चहा झाला का?’ असे विचारले तर ते कोणत्या बोटीच्या संकटकाळात नेमके मध्ये येईल याचा नेम नाही. किनाऱ्यावर, हॉटेलच्या किंवा पाण्यातल्या खेळांच्या व्यवसायात जमिनीवर हे संच वापरलेले मी पाहिले आहेत. ते सर्रास चालते, पण नियमात बसत नाही. समुद्रावर संकट आलेच तर संचाखेरीज तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाईलमध्ये असू द्या.

हवाई पट्ट्याला, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झला, कोणत्याही परिस्थितीत हात लावू नका. तिथे एएम पद्धतीने बोलले जाते, तुमचा संच एफएम आहे. तुमचे बोलणे वैमानिकाला समजणार नाही, नुसता अडथळा ऐकू येईल, आणि उंचावर असलेल्या विमानाला तो शेकडो किलोमीटरवरूनही ऐकू येऊ शकतो.

इनरीचबद्दल एका वाक्यात, ते आणू नका. जरा खुलासा करतो. हे यंत्र इरिडियमच्या उपग्रहांशी दुतर्फा बोलते, आणि भारतात इरिडियम व थुराया या उपग्रह-फोन सेवांची यंत्रे परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीत इनरीच सापडल्याने एका परदेशी धावपटूला ताब्यात घेण्यात आले होते. हातात काही गुप्त उपकरण नव्हते, जगभर डोंगरात धावणारे लोक वापरतात तेच होते. तुमच्या नातेवाइकांना विमानतळावर हा प्रसंग येऊ नये. उपग्रहाचे सिग्नल केवळ ग्रहण करणारे जीपीएस मात्र पूर्णपणे वेगळे आहे, ते कोणत्याही घड्याळात, मोबाईलमध्ये बिनदिक्कत वापरा. (उपग्रहांच्या लहरींवर लक्ष ठेवणारे केंद्र सरकारचे भूकेंद्र आपल्याच जालन्याला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.)

मंडळाला कायमची सोय हवी असेल तर हौशी रेडिओ, म्हणजे हॅम, हा मार्ग मी आनंदाने सुचवतो, पण त्याच्या मर्यादा समजून. वयाची अट किमान बारा वर्षे आहे. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत. पहिलीला रेडिओचे मूलभूत ज्ञान व नियम एवढीच परीक्षा, दुसरीला त्याशिवाय मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची संदेशलिपी. उत्तीर्ण झाल्यावर हाकसंकेत, म्हणजे कॉल साइन, मिळतो, सहसा रिस्ट्रिक्टेडला व्हीयू३ ने आणि जनरलला व्हीयू२ ने सुरू होणारा. भारतात दोन मीटरचा हौशी पट्टा १४४ ते १४६ आणि सत्तर सेंटिमीटरचा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ आहे. परदेशी पुस्तकांत हे पट्टे यापेक्षा रुंद छापलेले असतात, त्यांवर जाऊ नका. मर्यादा अशी की परवाना माणसाचा असतो. दहा जणांच्या गटात एक हॅम असला म्हणून उरलेल्या नऊ जणांच्या हातात त्याचे संच देता येत नाहीत. दुसरी मर्यादा, व्यवसायासाठी हा पट्टा वापरता येत नाही. तुम्ही पैसे घेऊन ट्रेक नेत असाल तर त्याचे व्यवस्थापन हॅमवर करणे नियमबाह्य आहे. वर्गणीतून चालणाऱ्या मंडळातले तीन-चार सदस्य परवानाधारक झाले आणि पुढचा, मधला व शेवटचा माणूस त्यांच्यापैकी असला, तर तुमचे काम उत्तम होईल.

हॅमची खरी किंमत आपत्तीत कळते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओचा एक चमू अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेलेला असतानाच त्सुनामी आली. त्या चमूने छंद बाजूला ठेवून निरोप पोहोचवण्याचे काम हाती घेतले. इतर दळणवळण कोलमडले असताना तो संपर्क कामी आला. अशा वेळी हे जमते, कारण त्या माणसांना संच, अँटेना आणि शिस्तीने निरोप घेण्याची पद्धत आधीपासून हाताखालची असते.

यावरून संकटाचा मुद्दा येतो. ‘जीव जात असेल तर कोणत्याही फ्रिक्वेन्सीवर बोलता येते’ हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत खरोखरच असे आहे की संकटात सापडलेल्या केंद्राने लक्ष वेधण्यासाठी, ठिकाण कळवण्यासाठी आणि मदत मिळवण्यासाठी हाताशी असलेले कोणतेही साधन वापरण्याला त्या नियमांतले काहीही आड येत नाही. खऱ्या संकटात तुम्ही काय केले याचा जाब फार कोणी विचारणार नाही. पण ही तरतूद आधीपासून विनापरवाना संच बाळगण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि व्यवहारात तिचा उपयोगही कमी आहे, कारण यदृच्छेने निवडलेल्या वारंवारतेवर कोणी ऐकत बसलेले नसते. पहिला प्रयत्न ११२ वरच करा. तुमच्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून हा कॉल जाऊ शकतो.

दोन-तीन पर्याय राहिले, ते झटपट सांगतो. संस्थेच्या नावाने व्हीएचएफ किंवा यूएचएफचा स्वतंत्र परवाना काढता येतो. तो साखर कारखान्याच्या शेतकी खात्याला, हॉटेलला, मोठ्या गृहसंकुलाला शोभतो. अर्ज, वारंवारतेचे शुल्क, परवानाधारक विक्रेत्याकडूनच खरेदी, असा तो रस्ता आहे, आणि वारंवारता ठरावीक ठिकाणाच्या परिसरासाठी मिळते. आज राजगड, उद्या अलंग-मदन-कुलंग अशा भटकंतीला ते परवडणारे नाही. सिमकार्ड घालून चालणारे, वॉकीटॉकीसारखे दिसणारे पीओसी संच मोबाईलच्याच जाळ्यावर चालतात, त्यामुळे त्यांच्यासाठी तुम्हाला स्वतंत्र वारंवारता लागत नाही. शहरातल्या मॅरेथॉनच्या बंदोबस्ताला ते उत्तम, दरीत नेटवर्क गेले की खेळणे.

तरुण सदस्यांना लोरा तंत्राच्या छोट्या यंत्रांची हौस असेल तर ती चांगली आहे. त्यांवर बोलता येत नाही, पण मजकूर आणि ठिकाण एकमेकांच्या यंत्रांवरून उड्या मारत पुढे जाते. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा, एक वॅट प्रक्षेपक शक्ती आणि चार वॅट प्रसारित शक्तीपर्यंत, २००५ पासून परवानामुक्त आहे आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला गेला. घेताना ८६८ चा प्रकार घ्या. बाजारात ९१५ चा अमेरिकन प्रकारही मिळतो, तो ९०२ ते ९२८ मध्ये चालतो आणि आपल्याकडे त्यातला मोठा भाग मोबाईल कंपन्यांच्या ९०० च्या पट्ट्यावर येतो. म्हणजे तुमचा साधा ‘पोहोचलो’ हा निरोप जवळच्या टॉवरच्या कानात ओरडल्यासारखा होईल. यंत्र पहिल्यांदा चालू केल्यावर प्रदेश विचारला जातो, तिथे भारत निवडा. तो प्रश्न ओलांडून पुढे जाऊ नका. आणि इथेही ईटीएची चौकशी करायचीच.

तुमच्या मंडळापुरते सांगायचे तर पुढच्या मोसमासाठी ईटीए असलेले, फक्त ४४६ च्या पट्ट्यातले सहा संच घ्या. त्यांचे बिल आणि ईटीएची प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गटप्रमुखाच्या सॅकमध्ये ठेवा, म्हणजे वाटेत पोलीस किंवा वनरक्षकांनी विचारले तर दाखवता येईल. बाओफेंग विक्रेत्याला परत करण्याची मुदत उरली असेल तर परत करा. उरली नसेल तर ते दुसऱ्या कोणाला विकू नका, कारण तो तोच दोष पुढे ढकलणे होईल. जवळच्या हौशी रेडिओ क्लबला किंवा डब्ल्यूपीसीला लेखी विचारून त्यांची विल्हेवाट लावा. आणि ज्या दोघातिघांना मोर्सचा धाक वाटत नाही, त्यांनी आताच रिस्ट्रिक्टेडऐवजी थेट जनरल श्रेणीची तयारी सुरू करावी, कारण आठ शब्दांचा वेग रोज वीस मिनिटे ऐकल्यास तीन-चार महिन्यांत कानाला बसतो.